चोको इइदा: पस्तिशीतच आई झालेली नटी

जपानी दिग्दर्शक ओझूच्या सिनेमांचा विषय निघाला की सगळे नटी सेत्सुको हारापाशी येऊन थांबतात, नाहीतर नट चिशू र्‍यूपाशी. दोघंही मोठेच, त्यात वादच नाही. पण दुसऱ्या महायुद्धाआधीच्या ओझूच्या सिनेमांतली ती गरीब वस्ती, ती खानावळ, कष्ट करून पोराला वाढवणारी ती विधवा, हे सगळं जिच्या जिवावर उभं आहे त्या चोको इइदाचं नाव फारसं कुणी घेत नाही आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं.

जन्म १८९७चा, टोक्योतल्या असाकुसाचा. म्हणजे नाटकं आणि सिनेमा थिएटरांनी गजबजलेला भाग. ती मोठी होत होती तेव्हा जपानी सिनेमात बायकांची कामं बहुतेक पुरुषच करायचे, काबुकी नाटकातली ओन्नागाताची, म्हणजे बाईचं काम करणाऱ्या पुरुषांची परंपरा तशीच पडद्यावर आलेली होती. १९२०मध्ये शोचिकु कंपनीने टोक्योच्या दक्षिणेला कामाताला स्टुडिओ काढला आणि खऱ्या नट्या घ्यायला सुरुवात केली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत इइदा तिथे आली. तिचा चेहरा हिरॉइनचा नव्हता, चारचौघींसारखा होता, त्यामुळे मोलकरीण, खानावळवाली, शेजारची काकू अशी कामं मिळत गेली. मूकपटाचा काळ, त्यामुळे आवाज तिचा नाहीच. पडद्याच्या बाजूला बसलेला बेन्शी सगळ्या पात्रांचं बोलणं स्वतःच म्हणायचा. म्हणजे नटीकडे उरतं काय, तर चेहरा, मान, हात आणि चाल. इइदाने तेवढ्यावरच बायका उभ्या केल्या आणि त्या प्रत्येक वेळी वेगळ्या वाटतात.

ओझूचा १९३३चा ‘देकिगोकोरो’ घ्या. यात किहाची नावाचा एक अडाणी, दिलदार, जरा बावळट बाप आहे, ते काम ताकेशी साकामोतोचं, आणि इइदा तिथली खानावळवाली. पुढच्या वर्षी ‘उकिगुसा मोनोगातारी’मध्ये साकामोतो गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीचा मालक आणि इइदा त्याच्या पोराची आई, जिने पोराला बापाचं नाव कधी सांगितलेलंच नाही, पोरगा बापाला मामाकाका कोणीतरी समजतो. या बाईच्या वाट्याला ना मोठं भांडण ना रडारड. ती त्याला साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतून देते, त्याची बडबड ऐकून घेते, आणि तो परत निघाला तेव्हा जाऊ देते. बस. एवढ्या कमी कामात इतकी वर्षं दाखवायची म्हणजे काय ते करून बघणाऱ्यालाच कळेल. आणि हे करताना तिचं वय होतं ३७, पडद्यावरचा मुलगा कोजी मित्सुई तिच्यापेक्षा जेमतेम १३ वर्षांनी लहान!

आता माझा सगळ्यात आवडता, १९३६चा ‘हितोरी मुसुको’, म्हणजे एकुलता एक मुलगा. ओझूचा हा पहिला बोलपट. शोचिकुने १९३१लाच बोलपट काढला होता पण ओझू थांबून राहिला, कारण त्याचा कॅमेरामन हिदेओ शिगेहारा स्वतःची साउंड सिस्टिम बनवत होता आणि पहिला बोलपट तुझ्याच सिस्टिमवर करीन असा ओझूने त्याला शब्द दिला होता. आणि हा शिगेहारा म्हणजे इइदाचा नवरा! नवऱ्याने तयार केलेल्या यंत्रावर बायकोचा आवाज, आणि सिनेमाभर सगळ्यात महत्त्वाचं काम तिचंच. तोपर्यंत कंपनी ओफुनाच्या नव्या स्टुडिओत गेली होती, यांना मिळाला कामाताचा रिकामा जुना स्टुडिओ, तिथे जवळून जाणाऱ्या ट्रेनचा आवाज आत यायचा म्हणून शूटिंग मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत चालायचं.

गोष्ट साधी आहे. शिनशूमधल्या रेशीम गिरणीत राबणारी विधवा पोराला शिकवायला सगळं विकते. बऱ्याच वर्षांनी टोक्योला त्याला भेटायला जाते तर तो रात्रशाळेत मास्तर, टोक्योच्या कडेला कुठेतरी राहतो, लग्न झालंय, बाळ झालंय आणि आईला यातलं काही माहीतच नाही. दोघं उघड्या माळावर बसतात, लांब कचरा जाळायच्या भट्ट्यांच्या चिमण्या दिसतात, आणि तो विचारतो की मी काय बनेन असं तुला वाटलं होतं. इइदा इथे काही करत नाही म्हणजे खरंच काही करत नाही, पण तिच्याकडे बघताना आपल्यालाच खाली बघावंसं वाटतं. रात्री मात्र ती त्याला झापते, एवढ्यात हार मानतोस म्हणून, आणि पलीकडे सून ऐकून रडत असते. परत गावी आल्यावर गिरणीत फरशी पुसताना सोबतीण विचारते, मुलगा कसा आहे. ती सांगते, मोठा झालाय हो, सून पण चांगली मिळाली. आणि मग बाहेर एकटी जाऊन बसते आणि तो चेहरा जो खाली उतरतो ना. लोक म्हणतात ओझूमध्ये अभिनय दिसत नाही, त्यांनी फक्त हा एक शॉट बघावा. हेसुद्धा तिने ३९व्या वर्षी केलंय.

युद्धानंतर ओझूने पहिला सिनेमा केला तोही तिला मध्यभागी ठेवून, १९४७चा ‘नागाया शिनशिरोकु’. हरवलेलं एक पोरगं वस्तीतले लोक तिच्या गळ्यात मारतात, मग त्याला चिगासाकीला कुणी न्यायचं यासाठी चिठ्ठ्या टाकतात, आणि त्या चिठ्ठ्यांतही लबाडी! ती पोराकडे डोळे वटारून बघते, हाताने कुत्र्यासारखं हाड्‌ हाड्‌ करते, तिथे समुद्रावर त्याला शिंपले आणायला पाठवून स्वतः पळ काढते, आणि पोरगं आपलं मागे मागे. गादी ओली केली म्हणून त्यालाच पंख्याने वाळवायला लावते. हळूहळू ती त्याची होत जाते पण नेमकी कुठल्या क्षणी ते बोट ठेवून सांगता येत नाही, आणि मला वाटतं हीच तिची खरी कमाल.

दिग्दर्शक कुरोसावाकडेही तिने छोटी कामं केली. आणि १९६१पासून तोहो कंपनीच्या वाकादाइशो नावाच्या सिनेमांच्या मालिकेत हिरो युझो कायामाच्या लाडक्या आजीचं काम, नातवाची बाजू घेणारी आजी. नव्या पिढीने तिला तशीच ओळखलं. १९७२मध्ये ती गेली तोपर्यंत मूकपटापासून रंगीत सिनेमापर्यंत सगळं करून झालं होतं. तिच्या सुरुवातीच्या काळातले बहुतेक मूकपट आता शिल्लकच नाहीत, काही १९२३च्या मोठ्या भूकंपात गेले, काही युद्धात, काही नुसतेच फिल्म खराब होऊन, त्यामुळे जे आहेत ते बघून घ्या.

ज्यांनी तिला पाहिलंच नाही त्यांनी ‘नागाया’पासून सुरुवात करा, ७२ मिनिटांचाच आहे, हसाल पण खूप. ‘हितोरी मुसुको’ त्यानंतर, आणि शक्यतो आईला फोन करायची वेळ टळून गेलेली नसेल तेव्हा.