थोटूकही आपली पाळी चुकवत नव्हतं

अंजर्ल्याच्या पुळणीवर थंडीभर आम्हा कासवमित्रांची पहाटेची फेरी असते. त्या दिवशी माग दिसला तोच विचित्र. ऑलिव्ह रिडले कासवाच्या डाव्या-उजव्या पायांच्या खुणा एकाआड एक पडतात. इथे मागच्या उजव्या पायाच्या जागी नुसत्या खळग्या.

माग मर्यादवेलीत शिरला होता. पाहुणे या वेलीच्या जांभळ्या फुलांचे फोटो काढतात आणि तिच्यावरूनच चालत जातात. पण वाळू तीच धरून ठेवते. वेलीत दोन खड्डे अर्धवट सोडलेले, आणि तिसऱ्यावर मादी. उजाडायला आलं तरी खणतेच आहे.

कासव मागच्या पायांनी आळीपाळीने खणतं. एका पायाने वाळू उचलायची, बाजूला टाकायची, मग दुसरा पाय. हिचा डावा चोख काम करत होता. उजव्याची पाळी आली की थोटूक आत जाऊन रिकामं वर यायचं, वर कड ढासळायची. जखम जुनी. तुटून वाहत आलेल्या जाळ्यात पाय काचून गेला असणार.

एरवी मादीला हात लावायचा नाही. वनरक्षकांना फोन केला. ते म्हणाले, "दादा, मागून जा, बॅटरी मारू नका. जमेल तेवढं करा."

मागे पालथा पडलो. डाव्याने वाळू टाकली की थोटूक हलायचं, तेवढ्यात मी ओंजळभर उपसायचो. पुन्हा डावा. कोपरभर खोल गेल्यावर तिने खणणं थांबवलं आणि अंडी पडू लागली.

२०२१मध्ये ओडिशात पुढच्या पायाला ओळखक्रमांकाचा टॅग लावलेली मादी जानेवारी २०२५मध्ये गुहागरला आली, तेव्हापासून पुढचे पाय तपासायची सवयच लागलीय. हिला टॅग नव्हता. खड्डा बुजवून, अंग डावी-उजवीकडे आपटत वाळू दाबून ती निघाली. पाण्याच्या कडेला बसलेले कुरव तेवढ्यापुरते उडाले.

रावणाच्या मिशा या काटेरी गवतातून कोल्ह्याची पावलं खड्ड्यांपर्यंत आलेली, म्हणून अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपणात, हलवली. वरची बाजू वरच ठेवून, आणि लगेच. काही तासांत गर्भ आतून कवचाला चिकटतो, मग अंडं फिरलं तर तो दगावतो.

अंडी भरली ९४. नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'मागचा उजवा पाय नाही. खणायला मदत केली.'

जोडीदाराने वाचून विचारलं, "पाय कोणाचा नाही, ते पण लिही की!"