चिमट्याला चिकटलेला कपॅसिटर

मागच्या आठवड्यात एका रात्री माझा एक कपॅसिटर (विजेचा छोटासा साठा धरून ठेवणारा पार्ट) गायब झाला. मायक्रोस्कोपखाली बघत होते, सर्किट बोर्डच्या पॅडवर, म्हणजे पार्ट जिथे जोडतात त्या तांब्याच्या ठिपक्यावर, ठेवला असं वाटलं, श्वास सोडला आणि बघते तर जागेवर नाही. मग पाऊण तास शोधाशोध, टॉर्च टेबलावर आडवा धरून (आडव्या उजेडात बारीक वस्तूची सावली लांब पडते, कुणाला उपयोगी पडली तर ही युक्ती घ्या), पंखा बंद, श्वाससुद्धा बाजूला तोंड वळवून. शेवटी सापडला तो चिमट्याच्याच टोकाला, आतल्या बाजूला चिकटलेला. मी चिमटा उघडला होता, पण तो पडलाच नव्हता.

हे आठवडाभर डोक्यात फिरतंय म्हणून लिहायला बसलेय. कारण लहानपणापासून आपली समजूत अशी असते की वस्तू हातातून सोडली की ती पडते, आणि इथे एक वस्तू अशी होती की तिला पडण्यात काही रसच नव्हता.

आधी पार्श्वभूमी सांगते. मी एक छोटं वायरलेस यंत्र बनवतेय, बटणासारखा सेल, एक ब्लूटूथ चिप, एक हालचाल ओळखणारा सेन्सर, बस. कपाटाच्या दाराला चिकटवायचं आणि दार हललं की फोनला कळवायचं. पार्ट मागवताना मी ०६०३ साईझचे कपॅसिटर मागवले. आता ह्या क्षेत्रातल्या लोकांना पुढे काय झालं ते कळलंच असेल. ०६०३ हे नाव दोन पद्धतींत आहे, इंचातलं ०६०३ म्हणजे १.६ × ०.८ मिलिमीटर, आणि मिलिमीटरमधलं ०६०३ म्हणजे ०.६ × ०.३ मिलिमीटर. माझ्या बोर्डवर पॅड मोठ्याचे आणि पाकिटात निघाले धाकटे. ०४०२ चीही तीच कथा, इंचातलं ०४०२ एक मिलिमीटर लांब आणि मिलिमीटरवालं ०.४, ज्याला इंचवाले ०१००५ म्हणतात. ही गोंधळाची नावं कधी एकदा सरळ होतील असं मला मनापासून वाटतं, पण होईपर्यंत ऑर्डर करताना मिलिमीटरमधली लांबी वाचा, कोड नाही. मी मात्र ते पार्ट परत न करता बोर्डच नव्याने काढला, म्हटलं आलेच आहेत तर लावून बघू. आणि तिथून हे सगळं शिकणं सुरू झालं.

तर चिमटा. एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी दहा पटीने लहान केली तर तिचं वजन हजार पटीने कमी होतं, पण पृष्ठभाग कमी होतो फक्त शंभर पटीने. म्हणजे वजनाच्या मानाने पृष्ठभाग दहा पट वाढला. आणखी दहा पट लहान करा, आणखी दहा पट. खाली खाली जाल तसं वजन हा प्रकार जवळजवळ संपतो आणि पृष्ठभागाच्या गोष्टी, म्हणजे चिकटपणा, स्थिर विद्युत, द्रवाचा ताण, ह्या कारभार हातात घेतात. माझ्या कपॅसिटरला खाली ओढणारं वजन होतं ते चिमट्याच्या चिकटपणापुढे काहीच नव्हतं. एखादी मुंगी भिंतीवरून पडून पुन्हा चालायला लागते त्याचं मूळसुद्धा ह्याच हिशोबात आहे.

सोल्डर, म्हणजे पार्ट बोर्डला जोडणारा धातू, वितळताना हे फार सुंदर दिसतं. सोल्डरच्या पेस्टवर पार्ट थोडा तिरका ठेवलेला असला तरी सोल्डर वितळलं की तो आपोआप फिरून सरळ बसतो, वितळलेल्या धातूचा ताणच त्याला ओढून आणतो. पण एका बाजूचं सोल्डर आधी वितळलं तर तोच ताण पार्टला एका टोकावर उभा करतो, सरळ उभा, थडग्याच्या दगडासारखा, म्हणून त्याला टूमस्टोनिंग म्हणतात. मोठ्या पार्टला त्याचं वजन खाली धरून ठेवतं, ह्याला काय धरणार. माझे पहिल्या बोर्डवर तीन उभे राहिले. कारण शोधलं तर एका बाजूचा पॅड थेट बोर्डवरच्या कॉपरच्या (तांब्याच्या) मोठ्या थराला जोडलेला होता, तो उष्णता पिऊन घेत होता आणि उशिरा तापत होता. त्या जोडणीला बारीक गळे करून दिले आणि प्रश्न मिटला.

मग बोर्ड चालू झाला आणि दुसराच त्रास. रेडिओने संदेश पाठवायला घेतला की चिप रिसेट. बटण सेल एकदम जास्त करंट देऊ शकत नाही, त्या क्षणापुरती शेजारचा कपॅसिटर ती गरज भागवतो, आणि मी ४.७ मायक्रोफॅरडचे (हे साठवणीचं माप) लावले होते, हिशोबाने पुरायला हवे होते. दोन दिवस मी कोडमध्ये चूक शोधत बसले! चूक कपॅसिटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यात होती. डेटाशीटमध्ये एक ग्राफ असतो, जो मी आजवर कधी उघडून बघितला नव्हता, की कपॅसिटरला डीसी व्होल्टेज दिलं की त्याची क्षमता (कपॅसिटन्स, म्हणजे साठवण) किती उरते. ३ व्होल्टला माझा ४.७ चा निम्म्याच्याही खाली गेलेला होता.

का, तर आत बघा. हा एवढासा कण म्हणजे सिरॅमिकचे आणि निकेलचे एकावर एक शेकडो थर असतात. सिरॅमिक म्हणजे बहुतेक वेळा बेरियम टायटेनेट. एकेक थर अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, म्हणजे केसाच्या जाडीत शंभरएक थर बसतील. आता ३ व्होल्ट अर्ध्या मायक्रॉनवर, ह्याचा मीटरमागे हिशोब केला तर होतात ६० लाख व्होल्ट. हवेत साधारण ३० लाखांना ठिणगी पडते! आपण ज्याला तीन व्होल्टचा निरुपद्रवी सेल म्हणतो तो त्या थरासाठी विजेच्या ठिणगीपेक्षा दुप्पट जोराचा असतो. एवढ्या जोरात बेरियम टायटेनेटमधले विद्युत द्विध्रुव (एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण भार असलेल्या जोड्या) आधीच एका दिशेला ताठ उभे राहतात, मग आणखी वळायला त्यांच्यात जागाच उरत नाही, आणि ते वळणं म्हणजेच तर क्षमता. फोनमध्ये असे कपॅसिटर हजाराच्या घरात असतात आणि डिझाइन करणारे लोक प्रत्येकासाठी हा ग्राफ बघत असणार. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला त्या दिवशी. मी तिथे दोन मोठे कपॅसिटर समांतर लावले, रिसेट बंद.

आता सेन्सर, आणि इथे मला जरा रेंगाळायचंय.

माझ्या भाचीने मागे विचारलं होतं, "मावशी, फोन आडवा केला हे फोनला कसं कळतं गं?" मी तेव्हा म्हटलं आत सेन्सर असतो. हे काही उत्तर नाही, नुसतं नाव सांगितलं मी. खरं उत्तर असं की फोनच्या आत एक वजन टांगलेलं आहे, खरोखरचं, हलणारं. दोन मिलिमीटर चौकोनी चिपच्या आत सिलिकॉनचा एक तुकडा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर तरंगत असतो, त्याला कंगव्यासारखे दात असतात, आणि समोर न हलणाऱ्या कंगव्याचे दात, दोन्हींमधलं अंतर एखाददोन मायक्रॉन. फोन कलला की तुकडा एका बाजूला लोंबतो, एका बाजूची फट कमी होते, दुसरीकडची वाढते, फटीतल्या कपॅसिटन्सचा फरक मोजला की झालं. आहे तो कपॅसिटरच, फक्त हलणारा.

किती हलतो? समजा त्या स्प्रिंगची स्वतःची कंपनं सेकंदाला ३००० आहेत, तर पूर्ण गुरुत्वाकर्षण लागल्यावर तो सरकतो २८ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग). आणि फोन त्याच्या एक हजारांश फरकही ओळखतो, म्हणजे ०.०२८ नॅनोमीटर. सिलिकॉनच्या दोन शेजारच्या अणूंमधलं अंतर ०.२३५ नॅनोमीटर असतं. म्हणजे अणू-अणूंमधल्या अंतराच्या आठव्या हिश्श्याएवढं सरकणं आपला फोन दिवसभर मोजत असतो, आपण जिना चढताना, कूस बदलताना. हा हिशोब मी तीनदा केला, कारण पटेना. जमतं ते अशासाठी की एक अणू मोजायचा नसतो, अख्खा कंगवा एकत्र सरकतो आणि सगळ्या दातांची बेरीज होते. तरी एक मर्यादा आहेच, आतल्या वायूचे रेणू त्या तुकड्यावर आपटत राहतात आणि त्या धक्क्यांचा गोंगाट रीडिंगमध्ये दिसतो. टेबलावर स्थिर ठेवलेल्या सेन्सरचे आकडे शेवटच्या अंकात थरथरतात ना, त्या थरथरीत हा रेणूंचा मारही मिसळलेला असतो.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. टेबलावर शांत पडलेला सेन्सर शून्य दाखवत नाही, तो वरच्या दिशेने पूर्ण एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा प्रवेग, दाखवतो, कारण टेबल त्याला वर ढकलतंय. शून्य दाखवतो तो पडत असताना. जुन्या लॅपटॉपमध्ये ह्याच शून्यावरून लॅपटॉप पडतोय हे ओळखून हार्ड डिस्कचं डोकं बाजूला घ्यायचे, जमिनीला टेकायच्या आधी.

आणि चिकटपणा इथेही सोडत नाही. हे कंगवे बनवताना खालचा थर रसायनाने विरघळवून त्यांना मोकळं करतात, मग धुतात, आणि ते पाणी वाळताना शेवटचा थेंब त्या नाजूक पट्ट्यांना खाली ओढून घेतो, टेकल्या की कायमच्या चिकटल्या. वितळलेलं सोल्डर पार्ट उभा करतं तोच ताण. ह्यावर उपाय म्हणून असा कार्बन डायऑक्साइड वापरतात की ज्याला द्रव आणि वायू ही सीमाच राहिलेली नाही, म्हणजे थेंब बनतच नाही, किंवा मग ओलं रसायन न वापरता वाफेनेच थर काढतात. माझा चिमटा आणि सेन्सरचा कारखाना एकाच शत्रूशी लढतोय हे कळल्यावर मला खरंच बरं वाटलं.

जायरोस्कोपबद्दल (वळणं ओळखणारा सेन्सर) थोडक्यात, त्यात फिरणारं चाक नसतं, सिलिकॉनचा तुकडा सतत मागे-पुढे थरथरत ठेवतात आणि फोन वळला की कोरिऑलिस बलामुळे (वळणाऱ्या गोष्टीत हलणाऱ्या वस्तूला बाजूला ढकलणारं बल) तो आडवाही हलायला लागतो. माशीच्या मागच्या पंखांच्या जागी गदेसारखे दोन छोटे दांडे असतात, ते उडताना असेच थरथरतात आणि तिला वळण कळवतात. आपल्या आधी माशीने केलंय हे.

इतक्या बारीक हलणाऱ्या गोष्टी कुठे मार खातात त्याचं एक उदाहरण. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमध्ये नवीन एमआरआय बसवताना हेलियम गळला आणि तिथल्या चाळीसएक लोकांचे आयफोन आणि अ‍ॅपलची घड्याळं बंद पडली, बाकीचे फोन ठीक. कारण निघालं ते उपकरणाच्या आतल्या घड्याळाच्या ठोक्याचं. बहुतेक उपकरणांत सेकंदाला ३२,७६८ कंपनं करणारा क्वार्ट्झचा तुकडा असतो (दोनाचा पंधरावा घात, अर्धं अर्धं करत गेलं की बरोबर एक सेकंद मिळतो), ह्यांच्यात त्याऐवजी सिलिकॉनचा, आणखी छोटा, निर्वात पोकळीत बंद केलेला होता. हेलियमचा अणू इतका लहान की तो त्या बंदिस्त पोकळीत शिरला आणि कंपनं बिघडली. ठोका बिघडला की सगळा फोन थांबतो. पुढच्या काही दिवसांत हेलियम आपोआप बाहेर पडला आणि त्यातली बरीचशी उपकरणं परत सुरू झाली.

रेडिओच्या बाजूला तर आवाज आहे, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. शेजारशेजारच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारा फिल्टर बनवायचा तर त्याचा आकार लहरीच्या लांबीशी बांधलेला असतो, आणि २ गिगाहर्ट्झची रेडिओ लहर १५ सेंटिमीटर लांब. फोनमध्ये असे डझनावारी फिल्टर लागतात, बसणार कुठे. म्हणून सिग्नलचं रूपांतर क्वार्ट्झ किंवा लिथियम टँटलेटसारख्या स्फटिकाच्या पृष्ठभागावरच्या ध्वनिलहरीत करतात. तिथे वेग सेकंदाला ४००० मीटरच्या आसपास, म्हणजे लहर फक्त २ मायक्रॉनची. तिथे नको ते गाळायचं आणि उरलेलं परत रेडिओत आणायचं. त्यासाठी स्फटिकावर धातूचे कंगवे छापतात, व्हाइट आणि व्होल्टमर ह्या दोघा संशोधकांनी १९६५ मध्ये ही पद्धत दाखवली. फोनवर कुणी आपल्याशी बोलतं तेव्हा तो सिग्नल वाटेत असा काही क्षण खराखुरा आवाज होऊन जातो, आपल्याला कधीच ऐकू येणार नाही असा.

मग हीच युक्ती सगळीकडे का नाही? कारण अँटेना. तिला लहर हवेत सोडायची असते, तिथे आवाजाची पळवाट नाही. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर, तिचा पाव भाग तीन सेंटिमीटर, आणि त्याहून फार लहान अँटेना केली तर ती एकतर फ्रिक्वेन्सीच्या अगदी अरुंद पट्ट्यात चालते नाहीतर उर्जा उष्णतेत घालवते. व्हीलर आणि चू ह्या संशोधकांनी १९४० च्या दशकातच ही मर्यादा मांडली, चिप कितीही सुधारल्या तरी ती हलत नाही. मी तांदळाच्या दाण्याएवढी सिरॅमिक अँटेना लावली होती आणि बोर्ड छोटा दिसावा म्हणून तिच्या खालून कॉपर नेलं होतं. रेंज एका खोलीपुरतीही नव्हती. तो दाणा एकटा अँटेना नसतोच, बोर्डचं कॉपर तिचा अर्धा भाग असतं, आणि दाण्याच्या खाली-आजूबाजूला मोकळी जागा लागते ती लागतेच.

तिसऱ्या बोर्डवर मी ती जागा मोकळी सोडली. बोर्ड १२ मिलिमीटरने लांब झाला. त्यावरचे सगळे कपॅसिटर, सेन्सर, क्रिस्टल (ठोके देणारा क्वार्ट्झ) मिळून जेवढी जागा खातात त्यापेक्षा जास्त जागा आता त्या कोपऱ्यात रिकामी आहे, आणि कपाटाचं दार उघडलं की तीन खोल्या पलीकडे फोन वाजतो.