'लेंग' एक पायरी खाली

हाँगकाँगला कामासाठी आलेल्यांना मी संध्याकाळी कँटोनीज, म्हणजे इथली चिनी भाषा शिकवते. हिच्यात सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. त्या दिवशी पाठ बाजारहाटाचा होता. पण वृद्धाश्रमात काम करणारी एक विद्यार्थिनी आली तीच कावरीबावरी. सोबतच्या बाईंच्या तरुण मुलाला ती कौतुकानं 'लेंग चाइ' म्हणाली आणि बाईंचा चेहरा पडला. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. 'लेंग' वरच्या पट्टीत गेला होता, पहिल्या सुरात. त्याचा अर्थ कालचं टवाळ पोर! देखणा म्हणायचं तर तिसरा सूर, मधल्या पट्टीतला. दोन्ही सूर सपाट, फरक फक्त उंचीचा, म्हणून नवख्या कानाला तो निसटतो.

बाजार राहू दिला. दीड तास फक्त माणसाच्या दिसण्याचे शब्द घेतले. आधी तोंड मिटून नुसते सूर गुणगुणायचे, मग शब्द. अक्षरांपुढचा आकडा म्हणजे सुराचा क्रमांक.

'ङाउ४ कोउ१ मा५ ताइ६', म्हणजे बैलासारखा उंच, घोड्यासारखा मोठा, आपला धिप्पाड. वर्गातल्या दोघा मराठी मुलांनी रोमन अक्षरं पाहून 'गोउ', 'दाइ' वाचलं. ज्युतपिंग, म्हणजे कँटोनीज रोमन अक्षरांत लिहायची पद्धत, तिच्यातला जी म्हणजे क, डी म्हणजे त, बी म्हणजे प, झेड म्हणजे 'चमचा'तला च. क-ख, त-थ असा भेद मराठी जिभेला आयता येतो, म्हणून मी त्यांना देवनागरीतच लिहायला लावते. ङ साठी 'गंगा' म्हणताना अनुस्वारावर थांबायचं आणि तिथून सुरुवात करायची. बरेच हाँगकाँगकर तो गाळतात. 'आउ' ऐकू आलं तरी शब्द तोच.

'फेइ४ फेइ४ पाक६ पाक६' म्हणजे गुटगुटीत, गोरंपान. तान्ह्या बाळाला म्हटलं तर आई खूश होते, मोठ्या माणसाला म्हणू नये. 'पाक'मधला क घशाशी अडवून तिथेच सोडून द्यायचा, फुटू द्यायचा नाही. मोठ्यांसाठी नरम शब्द 'फेइ४ फेइ२ तेइ२', म्हणजे जाडसर. दुसरा 'फेइ' इथे चढा होतो. त्यावर सगळा वर्ग अडखळला, आणि वेळ सर्वांत जास्त तिथेच गेला.

तिला हवा होता तो शब्द शेवटी घेतला: 'छेंग१ लेंग३ पाक६ चेंग६', तरणा, देखणा, गोरा, नीटनेटका. गोरेपणाचं हे कौतुक मला खटकतं, पण सुरांच्या सरावाला याहून चांगला शब्द नाही. 'छेंग' वरच्या पट्टीत, लगेच 'लेंग' एक पायरी खाली. वर्ग सुटेपर्यंत तिचा 'लेंग' त्या पायरीवर टिकू लागला होता.