समोरच्या डोंगरावरचं ऊन

परवा दुपारी सव्वाचारला आमच्या घरी सूर्य मावळला. बाल्कनीत वाळत घातलेल्या टॉवेलवरचं ऊन आधी अर्ध्यावर आलं, मग पट्टीएवढं उरलं, मग गेलं. मी मनगट वर केलं. घड्याळ म्हणत होतं, सूर्यास्त ५:५७.

घड्याळाचा यात दोष नाही. पश्चिमेला बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिलाय, त्याच्या तीन विंगा एकमेकींना चिकटून, त्यामुळे आमचा सूर्यास्त आता बिल्डर ठरवतो. हे घड्याळ लेकीनं साठीला दिलं. जीपीएसवालं. "बाबा, रोज टेकडीवर जाता, निदान मोजा तरी." पावलं, ठोके, झोप, सगळं मोजतं बिचारं, आणि त्यातलं मी काही बघत नाही. मी बघतो ती एक छोटीशी कमान. तिच्यावरून दिवसभर एक ठिपका सरकत जातो, आणि खाली सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा. खरं सांगायचं तर बघतो ते चूक पकडायला. रिटायर झालेल्या माणसाला कुणाची तरी चूक काढायला लागते आणि घरात ती सोय आता फारशी उरलेली नाही.

वेताळ टेकडीवर मी हा उद्योग बरेच दिवस केला. नोव्हेंबरात तिथून सूर्य बुडताना दिसतच नाही. तो तांबूस होतो, मग विटकरी, आणि क्षितिजाला टेकायच्या आधीच खालच्या धुरकटात विरघळून जातो. घड्याळ अजून आठ-दहा मिनिटं शिल्लक दाखवत असतं. पहिल्या दिवशी मला केवढा आनंद झाला! चुकलं! मग घरी येऊन जरा वाचलं आणि आनंद गेला.

चुकत काही नाही. सूर्यबिंबाचा वरचा काठ क्षितिजाखाली गेला की सूर्यास्त, असा हिशेब. त्यात हवा उजेडाला वाकवते आणि क्षितिजाशी सूर्याला सुमारे ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर उचलून दाखवते. अख्खं बिंबच ३२ कलांचं. म्हणजे मुरुडच्या किनाऱ्यावर बिंब पाण्याला टेकलं म्हणून आपण मोबाईल काढतो, तेव्हा खरा सूर्य पूर्ण बुडालेला असतो. पुढची दोन-सव्वादोन मिनिटं आपण फोटो काढतो ते नसलेल्या सूर्याचे. जुन्या गणितात बिंबाचा मध्य धरायचे आणि हवेची ही उचल सोडून द्यायचे, तेवढ्यानं तीन-चार मिनिटं इकडची तिकडे होतात. घड्याळ हे सगळं धरतं. फक्त क्षितिज समुद्रासारखं सपाट आहे असं समजून धरतं. ते मुरुडला मिळेल, गणपतीपुळ्याला मिळेल. पुण्यात कुठून आणायचं?

एकदाच मात्र ते खरोखर चुकलं, आणि नेमकं चारचौघांत. मागे डिसेंबरच्या सुरुवातीला भाचीचं लग्न होतं, नागपूरला. गोरज मुहूर्त. मी मुलीचा मामा. हॉलवर सव्वापाचपासूनच गुरुजींची घाई सुरू झाली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." मी माईकपाशी जाऊन हळूच म्हटलं, "गुरुजी, अजून अर्धा तास आहे. ५:५८ ला सूर्यास्त." आणि पुराव्यादाखल मनगट पुढे केलं. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, मग दाराबाहेर बघितलं. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागत होते. "मामासाहेब," ते माईकमध्येच म्हणाले, "हे घड्याळ पुण्याचं दिसतं."

आणि ते अक्षरशः पुण्याचंच होतं! रात्रभर रेल्वेत, मग दिवसभर हॉलमध्ये. उघड्यावर नेऊन उपग्रह काही मी त्याला दाखवले नव्हते, त्यामुळे ते शेवटचं ठाऊक असलेलं ठिकाण धरून बसलं होतं. नागपूर पुण्याच्या पूर्वेला सव्वापाच अंश. अंशाला चार मिनिटं, म्हणजे एकवीस तिथेच गेली. वर नागपूर उत्तरेला, त्यात थंडीचे दिवस, म्हणून आणखी पाच-सहा. एकच राज्य, एकच वेळ, आणि तिकडे लोक दिवे लावून बसतात तेव्हा इकडे आम्ही दुसरा चहा टाकत असतो. मंगलाष्टकं वेळेत झाली. बहीण अजून फोनवर विचारते, "दादा, तुझ्याकडे किती वाजले?"

आमच्या मजल्यावरच्या जैन काकूंचा चौविहार असतो. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. या घड्याळाचं कौतुक त्यांना वाटेल असं मला वाटलं होतं. सकाळी त्यांची नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटं थांबायचं. तेही मी हिशेब करून सांगायला तयार होतो. त्यांनी फ्रिजवर चिकटवलेला देरासरातला, म्हणजे त्यांच्या मंदिरातला, कागद दाखवला. पुण्याच्या वेळा, वर्षभराच्या. म्हटलं, माझ्या घड्याळाशी मिनिट न् मिनिट जुळतो की! "जुळू दे," त्या म्हणाल्या. "मी दहा मिनिटं आधीच उठते ताटावरून. शेवटचा घास घड्याळात बघून घ्यायचा म्हणजे पोट भरलंच नाही की."

आमचं गाव भोरच्या पुढे, वरंध घाटाच्या वाटेवर. तिथे हिवाळ्यात सूर्य पाचाच्या आतच डोंगराआड जायचा. डोंगराची सावली आधी ओढ्यावर यायची, मग मारुतीच्या देवळावर, मग खाचरांवरून आमच्या दिशेनं. आम्ही पोरं तिच्यापुढे धावायचो. सावलीनं शिवलं की आऊट. सावली नेहमी जिंकायची, पण देवळापासून घराच्या ओट्यापर्यंत तिला झुंजवत आणता यायचं. मला अजून तो पायांना लागणारा गारवा आठवतो; ऊन जायचं त्या क्षणी जमीन थंड व्हायची, का तसं वाटायचं कोण जाणे.

खेळ संपला, सूर्य गेला, पण आई दिवा लावायची नाही. कंदिलाची काच पुसून ठेवलेली असायची, वात कापलेली. ती ओट्यावर मेथी निवडत बसायची आणि सूर्य गेला त्या बाजूला बघायचीच नाही. बघायची उलटीकडे, पूर्वेला. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर अजून ऊन असायचं. ते वर वर चढत जायचं, शेवटी टोकाच्या एका झाडावर उरायचं. तेही गेलं की आई उठायची, हात झटकायची. "दिवे लागले, चला रे घरात." तोवर रॉकेल जाळायचं नाही असा साधा मामला असणार. पण गावात सपाट क्षितिज तिच्याइतकं कुणी शोधून काढलं नव्हतं.

आता ती आमच्याकडे असते. ब्याऐंशीची आहे. दुपारपर्यंत छान असते. पेपरातले मथळे मोठ्यानं वाचते, भाजी निवडते. ऊन गेलं की मात्र बिनसतं. पिशवी भरायला लागते. "दिवे लागतील, घरी चल." डॉक्टर म्हणाले, या आजारात संध्याकाळ जड जाते, अंधारायच्या आधीच घरात उजेड करत जा. टॉवर नव्हता तोवर ही संध्याकाळ सहाला यायची. आता सव्वाचारला येते. म्हणून मी चारलाच ट्यूबलाइटी लावतो. परवा जरा उशीर झाला. टॉवेलवरचं ऊन बघत बसलो होतो ना.

आई चपला शोधत होती. मी घड्याळ दाखवलं. "अगं, अजून दीड तास आहे." तिनं घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही.

"समोरच्या डोंगरावर ऊन आहे का?" तिनं विचारलं.

काय सांगणार? हाताला धरून तिला स्वयंपाकघरात नेलं, खिडकीपाशी. ती खिडकी पूर्वेची. पलीकडच्या सोसायटीचे वरचे पाच-सहा मजले पिवळेधमक पेटले होते, काचा, पाण्याच्या टाक्या, कुणाची तरी चादर.

तिनं मान वर करून ते नीट बघितलं.

"आहे की," ती म्हणाली. "मग वेळ आहे." आणि ओट्यावरची मेथीची जुडी उचलून स्टुलावर बसली.