आमची वाटचाल : "ॲप राहू दे, दार उघडा"

आम्ही मुळात इंटरकॉम बसवणारे. शिडी, ड्रिल मशीन आणि केबलची भेंडोळी, एवढंच भांडवल. एकदा एका इमारतीत दुरुस्तीला गेलो, तेव्हा समितीच्या सचिवांना सहज विचारलं, मुख्य दाराच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत? त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. भाडेकरू येत-जात राहिले, प्रत्येकाने डुप्लिकेट काढली, परत कोणीच दिली नाही. दार उघडून देणं सोपं आहे, दिलेली किल्ली परत घेणं अवघड. आमचा धंदा बदलला तो इथे, किल्ली न लागणाऱ्या कुलपांकडे.

सुरुवात कार्डांपासून केली. १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डं घेतली आणि पस्तावलो. त्या कार्डात नुसता एक नंबर असतो आणि जो रीडर विचारेल त्याला ते तो सांगून टाकतं. नक्कल करायला मिनिटही लागत नाही. पुढे १३.५६ मेगाहर्ट्झच्या कार्डांकडे वळलो, पण त्यातही मायफेअर क्लासिक या प्रकारच्या कार्डाचं कूट संशोधकांनी २००८ मध्येच फोडलेलं होतं. शेवटी एईएस ही भक्कम कूटपद्धत वापरणाऱ्या कार्डांवर स्थिरावलो.

मग मोबाइल ॲप आलं. आम्हाला त्याचा फार अभिमान होता. पहिल्याच इमारतीत मी दाराजवळ उभा राहून बघत होतो. एक बाई आल्या, एका हातात पिशव्या, कडेवर झोपलेलं मूल. पिशव्या खाली, फोन बाहेर, फोनचं लॉक उघडा, ॲप शोधा, ब्लूटूथ चालू करा, बटण दाबा. त्यांच्या मागे काठी टेकत उभे असलेले आजोबा मला म्हणाले, "अहो, ॲप राहू दे, दार उघडा."

त्या वाक्यावर पुढची दोन वर्षं गेली. आजोबांना बिल्ला दिला, तो त्यांनी काठीच्या मुठीला बांधला आणि काठीच रीडरला लावू लागले. रीडर मात्र आम्ही आमच्या खांद्याच्या उंचीवर बसवला होता. तो खाली आणला, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाचाही हात पोचू लागला. 'उघडलं' आणि 'नाही' यांचे आवाजही वेगळे केले, कारण नुसता लाल-हिरवा दिवा सगळ्यांना ओळखता येत नाही. ॲप आजही आहे, पण ते परवानगी देण्या-काढण्यासाठी. दारासाठी कार्ड, बिल्ला किंवा सहा आकडी कोड. चार आकड्यांत दहा हजारच शक्यता, आणि त्यातही निम्मी मंडळी जन्मसाल ठेवतात असा माझा संशय आहे. सहा आकड्यांत दहा लाख होतात, शिवाय पाच चुका झाल्या की कीपॅड थोडा वेळ गप्प बसतो.

बोटाच्या ठशावर माझा राग आहे. ज्यांचे हात दिवसभर पाण्यात, सिमेंटमध्ये असतात त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि यंत्र नेमकं त्यांनाच नाकारतं. घरकामाच्या मावशींनी रोज पाच वेळा अंगठा पुसून दाबायचा, हे बघवत नाही. ठसा हा एकमेव पर्याय असेल तर ते काम आम्ही घेत नाही.

फजितीही सांगतो. पाहुण्यांसाठी वेळेवर आधारलेले कोड बनवले होते. इंटरनेट नसतानाही कुलूप स्वतःच्या घड्याळावरून कोड तपासतं. सहा महिने सुरळीत, मग एका संध्याकाळी पाहुणे खोळंबले. कुलपातलं घड्याळ पाच मिनिटं मागे पडलं होतं आणि आम्ही सूट ठेवली होती दोन मिनिटांची. घड्याळाला ठेका देणारा २० पीपीएमचा (म्हणजे दहा लाखांत वीस इतकी चूक होऊ शकणारा) क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंद चुकू शकतो, वर्षाला साडेदहा मिनिटं. हा गुणाकार आम्ही आधी केलाच नव्हता! आता रहिवाशाचा फोन दाराशी आला की सर्व्हरने डिजिटल सही केलेली वेळ कुलूप त्या फोनवरून घेतं.

दुसरी तक्रार यायची सेल लवकर संपतात अशी. कुठे वर्ष जायचं, कुठे महिन्यातच चारही सेल रिकामे. सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधून दमलो. मग एका सुताराने दार नुसतं वर उचलून दाखवलं. बिजागरी सैल, दार खाली बसलेलं, बोल्ट चौकटीवरच्या पट्टीला घासतोय आणि मोटर दर वेळी झटापट करतेय. कानशीने पट्टी घासली, स्क्रू आवळले, संपलं. आता आमची माणसं आधी बिजागरी बघतात, मग लॅपटॉप उघडतात.

एका गोष्टीवर वाद झाला तरी चालेल. सुटकेच्या वाटेवरचं दार आतून कार्डाशिवाय, विजेशिवाय उघडलंच पाहिजे. चुंबकी कुलूप वीज गेली की आपोआप सुटतं, तसंच ते असायला हवं. बाहेर जातानाही कार्ड लागावं असा हट्ट एका समितीने धरला. ते काम आम्ही सोडलं.

अलीकडे वेगळेच फोन येतात. एका घरमालकांना भाडेकरू रात्री किती वाजता येतो त्याची यादी हवी होती. दार माझं आहे, म्हणाले. आम्ही नोंदींचं ते पान त्यांच्या खात्यातून काढून टाकलं. आता नोंद फक्त त्या घरात राहणाऱ्यालाच दिसते, आणि त्याने घर सोडलं की त्याच्या परवानगीबरोबर तीही पुसली जाते. घरमालकांचा मात्र अजून दर आठवड्याला फोन असतो.