चित्रपटांचे पारायण : अकराव्या महिन्याची नोंद

गेल्या आषाढात आवडत्या चित्रपटांचे हे पारायण सुरू केले, तेव्हा एकच नियम ठरवला होता. चित्रपट लावण्यापूर्वी वहीच्या डाव्या पानावर त्यातले जे जे आठवते ते लिहायचे, आणि पाहून झाल्यावर त्याच रात्री उजव्या पानावर आपण कोठे थांबलो, कोठे गलबललो आणि कोठे चक्क घड्याळाकडे पाहिले, हे प्रामाणिकपणे नोंदवायचे. पारायण हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. ज्ञानेश्वरीची पोथी तीच असली, तरी वाचणारा दर वर्षी निराळ्या ओवीवर अडखळतो, आणि त्या अडखळण्यावरूनच तो सध्या कोठे आहे ते कळते. अकरा महिन्यांत नऊ चित्रपट झाले. दोन महिने घरातल्या आजारपणात गेले. भक्ती, वैराग्य आणि संशय अशा तीन रकान्यांत गुण देण्याचा प्रयोगही केला होता, पण गुण देणारा आणि घेणारा मीच असल्यामुळे तो तिसऱ्या महिन्यात बंद केला.

सर्वांत जास्त पाने ‘संत तुकाराम’ने घेतली. दामले-फत्तेलाल यांनी ‘प्रभात’साठी 1936 साली केलेला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला हा चित्रपट मी शाळेत असताना दूरदर्शनवर प्रथम पाहिला, तो केवळ शेवटच्या विमानासाठी. महाविद्यालयात असताना त्याच विमानाची मी यथेच्छ टिंगल केली. पुढे नामस्मरणाची गोडी लागली आणि विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यावरून नजर हलेना. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेल्या त्या नटाच्या हालचालींतले मार्दव तुकोबांच्या निरहंकाराला इतके चपखल बसते, की तो अभिनय आहे हे विसरायला होते. या वेळीही डाव्या पानावर पागनीसांविषयीच दहा ओळी लिहिल्या होत्या. उजव्या पानावर मात्र त्यांचे नावही आले नाही. तेथे सगळी आवलीच आहे.

आजारी मुलाला घेऊन, हातात वहाण धरून ती पांडुरंगाला जाब विचारायला देवळात शिरते, तो प्रसंग मी तीन वेळा मागे नेऊन पाहिला. गौरीबाईंच्या त्या चालीत अभिनयाचा कसलाही दिमाख नाही. घरातले धान्य संपलेली बाई जशी चालेल तशीच ती चालते. पूर्वी मला ही कजाग बायको परमार्थातली धोंड वाटत असे. दोन महिने औषधांच्या वेळा सांभाळत रात्री जागून काढल्यावर कळले, की त्या घरात देवाशी खरे भांडण तीच करते आहे, आणि ज्याच्याशी भांडायचे तो समोर आहे याविषयी तिला तिळमात्र शंका नाही. माझी साधना गेली काही वर्षे फार सोवळी झाली होती, हे मला कोणी सांगितले असते तर राग आला असता. वहीने ते न बोलता सांगितले.

जाता जाता एक कबुली. ‘आधी बीज एकले’ हे मी कित्येक वर्षे तुकोबांचा अभंग म्हणून रोजच्या भजनात म्हणत होतो. ते शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिले आहे हे कळल्यावर आठवडाभर गाळून पाहिले, आणि पुन्हा घेतले.

‘गाइड’ने (1965) वेगळीच फजिती केली. शेवटच्या पावसात आपण रडलो होतो, अशी माझी पक्की आठवण होती, पण पंधरा वर्षांपूर्वीच्या जुन्या वहीत पावसाचा उल्लेखच नाही. तेथे गाण्यांची आणि वहिदा रेहमानच्या नृत्याची स्तुती आहे. म्हणजे आपल्या मार्गाला शोभेल अशी आठवण मी मागाहून रचली होती. आवडते चित्रपट आरसा असतात हे खरे, पण स्मरणशक्ती त्या आरशासमोर भांग पाडूनच उभी राहते, म्हणून डावे पान आधी लिहिण्याचा नियम कितीही कंटाळवाणा वाटला तरी मोडू नये, असे माझे मत झाले आहे. या खेपेला पावसापेक्षा शाल लक्षात राहिली. देवळात झोपलेल्या राजूच्या अंगावर एक साधू शाल पांघरतो, गावकरी त्या शालीलाच नमस्कार करतात, आणि अंगावर आलेले ते सोंग निभावता निभावता माणूस खरोखर उपोषणाला बसतो. सोंगापासून सुरुवात झाली तरी चालते, हे मला सध्या दिलासा देणारे आहे.

जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या ‘इकिरू’विषयी (1952) थोडक्यात लिहितो, कारण तेथे डावे आणि उजवे पान जवळजवळ सारखेच निघाले. बर्फात झोपाळ्यावर बसून गाणारा, मरणाच्या दारात उभा असलेला सरकारी अधिकारी वातानाबे दोन्हीकडे आहे. त्याच्या मृत्यूनंतरच्या शोकसभेत दारूच्या भरात शपथा घेणारे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फायलींच्या ढिगाऱ्याआड जाणारे सहकारी मात्र केवळ उजवीकडे आले. एकादशीच्या रात्री मी केलेले संकल्प द्वादशीच्या दुपारपर्यंत किती टिकतात, याचा हिशेब त्याखाली लिहिला आहे. तो येथे देत नाही.

पुढील महिन्यात ‘देऊळ’ (2011) लावणार आहे. दत्ताचा दृष्टांत, गावाचे राजकारण, मंदिराची उभारणी, असे पुष्कळ आठवेल या अपेक्षेने काल डावे पान उघडून बसलो. अर्ध्या तासात एकच ओळ झाली : केशाच्या गाईचे नाव करडी.