मोंद्रियान आणि मनीप्लांट

सोफ्यामागची भिंत दोन वर्षं ओकीबोकी होती. शेवटी मोंद्रियान मागवला, म्हणजे त्या डच चित्रकाराचं एक चित्र. अस्सल नव्हे अर्थात. त्याच्या 1930 सालच्या, काळ्या रेघांनी चौकोन पाडलेल्या लाल-निळ्या-पिवळ्या रचनेची छापील प्रत, फ्रेमसकट, तीन बाय तीन फूट. जाहिरातीत 'म्युझियम क्वालिटी' लिहिलं होतं. म्हणजे सुती लगद्याचा, आम्ल नसलेला कागद आणि सहसा न विटणारी शाई. झ्युरिकच्या म्युझियममधलं मूळ चित्र मात्र जेमतेम दीड फुटाचं आहे. माझी नक्कल क्षेत्रफळाने अस्सलाच्या चौपट!

खोकं उघडलं तशी आई चष्मा सावरत आली. "अर्ध्याच घरांत रंग भरलेत. बाकीच्यांचे संपले का गं?"

मीही एकेकाळी असंच समजत होते. मग भाच्याकडे गेले असताना नेदरलँड्समधल्या हेगच्या म्युझियममध्ये मोंद्रियान अगदी जवळून पाहिला. तिथला पांढरा मोकळा सोडलेला नाहीच, रंगवलेला आहे. एका चौकोनात ब्रश आडवा फिरलाय, शेजारच्यात उभा. काही काळ्या रेघा तर कडेला टेकायच्या आधीच थांबतात. माझ्या प्रतीतला पांढरा फ्रिजच्या दारासारखा सपाट आहे.

पण खरा घोळ फ्रेमचा. दोन इंची नक्षीदार सोनेरी पट्टी, त्यात माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड कागदाची चौकट, वर काच. मोंद्रियान हा गृहस्थ आपली अशी चित्रं पट्टीच्या आत बसवायचाच नाही. मागे पांढरी फळी आणि कॅनव्हास तिच्यापुढे उचललेला. त्याला आपण शोकेसमध्ये कोंडलं! नाक्यावरच्या फ्रेमवाल्याने सोनेरी काढून साधी पांढरी पट्टी लावून दिली. काचेला मात्र हात लावेना. "पावसाळ्यात बुरशी धरेल, ताई." त्याचं बरोबर होतं. त्यामुळे आता संध्याकाळी लाल चौकोनात आमची ट्यूबलाइट आडवी पडलेली असते. ती रेघ मोंद्रियानने मारलेली नाही, हे पाहुण्यांना सांगावं लागतं.

मोंद्रियानला हिरव्याचं वावडं. पॅरिसच्या स्टुडिओत एक खोटं ट्युलिप ठेवलं होतं, त्याचं पानसुद्धा पांढरं रंगवलेलं. आमच्याकडे आईने मनीप्लांटची वेल दोऱ्याने ओढत फ्रेमपर्यंत आणलीय. काल एक पान वळून काचेवर आलं, नेमकं पांढऱ्या चौकोनासमोर. मी ते बाजूला करायला गेले तर आई म्हणाली, "राहू दे. एक घर तरी भरलं."